सरळ रेषेत चरणारी मेंढी

"ताई, एक विचारू? राग मानू नका," मॅडम म्हणाल्या, आणि भिंगरीला लगेच कळलं की आता राग येण्यासारखंच काहीतरी येणार.

गवत-केंद्राच्या वजनखोलीत तिघीच होत्या. खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर श्वास सोडला तरी आकडा बदलणारा एक हळवा वजनकाटा होता, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा ओव्हन. त्यात कापलेलं गवत दोन दोन दिवस वाळत पडायचं, त्यामुळे खोलीला बाराही महिने खारी बिस्किटं जळल्यासारखा वास येई. टेबलाच्या एका बाजूला दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या मॅडम, दुसऱ्या बाजूला अठरा वर्षं इथेच असलेली आत्या, आणि स्टुलावर भिंगरी.

हिला भिंगरी म्हणायचे, कारण ही पोरगी दोन मिनिटं एका जागी टिकली तर तिच्या वडिलांना तिला ताप आल्यासारखं वाटे. मागच्या वर्षापर्यंत नुसते पायच फिरायचे. तोंड बंद. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायलाही ती लाजायची, हात वर करून भागवायची. यंदा शाळेच्या प्रदर्शनात तिला कुणीतरी पुढे ढकललं, ती बुरशीवर बोलायला लागली, आणि घंटा वाजून सगळे निघून गेले तरी ती बुरशीवरच होती. तेव्हापासून तोंडही पायांना येऊन मिळालं. सुट्टी लागल्यावर वडिलांनी हात जोडून तिला आपल्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे, पाठवून दिलं. "हिला माळावर सोड. तिथे जागा भरपूर आहे."

"विचारा की," आत्या म्हणाली.

मॅडमनी तीन कागदी पिशव्या पुढे सरकवल्या. चार नंबर, आठ नंबर, बारा नंबर. "तिन्ही चौकोन सारखे. तिन्हींना खत, तिन्हींना कुंपण. चारच्या पिशवीत दोन जातींचं गवत आहे. आठच्या पिशवीत दोन. बाराच्या पिशवीत सात. फुलंसुद्धा. वजनही निम्मं. आणि हे यंदाचंच नाही. सहा वर्षांच्या नोंदी काढल्या मी."

आत्या पिशव्यांकडे बघत राहिली.

"अकरा नंबर शेजारीच आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "त्याला खत आहे, पण कुंपण नाही. बाराची पिशवी हुबेहूब अकरासारखी दिसते. ताई, सहा वर्षांपूर्वी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? बारा हा शेवटचा चौकोन. कुंपणाची शिडी चढून आत जायचं… मी समजू शकते. बाहेरचंच गवत कापून बाराच्या पिशवीत भरलं असेल, तर सांगून टाका."

भिंगरी स्टुलावरून उठली. आत्याने न बघता तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं.

"मी आत जाते, मॅडम," आत्या म्हणाली. "दर वर्षी जाते."

"मग बाराच्या आत सात जाती आल्या कुठून? मोजणीच्या चौकटीत तर तुम्हीच दोन लिहिल्यात."

आत्याने तिन्ही पिशव्यांचे कोपरे जुळवून ठेवले. मॅडमनी कपाळ चोळलं. "परवा सकाळी आपण तिथे जाऊ. यंदा कुठे कापलंत ते मला दाखवा. नाहीतर कुंपणाच्या सहाही चौकोनांच्या सहा वर्षांच्या पिशव्या मला बाद कराव्या लागतील. कुठली खरी, कुठली नाही, मी कशी ठरवू? आणि मोजणीची वही… तीही मग दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. मला ते आवडणार नाही, पण द्यावी लागेल."

आता हे चौकोन काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं.

माळावर बारा चौकोन होते, प्रत्येक चौकोन साधारण बैठकीच्या खोलीएवढा. मोठ्या सरांनी अठरा वर्षांपूर्वी खुंट्या ठोकून ते आखले. पुढे सर निवृत्त झाले, खुंट्या राहिल्या, आणि आत्या राहिली. सहा चौकोनांना जाळीचं कुंपण, म्हणजे आत मेंढ्यांना मज्जाव. सहा उघडे, मेंढ्यांनी यावं, चरावं, जावं. आणि दोन्हींतल्या निम्म्यांना दर वर्षी खत, नत्र, स्फुरद, पालाश, अगदी तोलूनमापून. सरांना विचारायचं होतं एवढंच: माळाला पोटभर खायला घातलं की काय होतं? आणि माळाला खाणारं कुणी नसलं की काय होतं?

गवत वाढतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कोणतं गवत? माळावर आत्याने एका चौकटीत तीस तीस जाती मोजलेल्या होत्या. त्यांची लांबलचक शास्त्रीय नावं वहीत होती आणि आत्याने ठेवलेली नावं तिच्या तोंडात. पिवळं बारीक फूल ते बटण. तोंड जवळ नेलं की नाकात जाणारी ती शिंकरी. मऊ तुऱ्याची ती मांजरशेपटी. आणि एक होतं उंच, रुंद पात्याचं गवत, त्याचं नाव लाटसाहेब. खत पडलं की सगळ्यात आधी लाटसाहेब ताटावर बसायचे. छातीपर्यंत वाढायचे, अंगाने पसरायचे. वजनकाट्यावर आकडा असा भरायचा की बघणाऱ्याला वाटावं, वा, काय माळ पिकलाय! पण खाली अंधार. बटण, शिंकरी, मांजरशेपटी सगळ्या त्या अंधारात एकेक करून संपायच्या. त्यांना उपासमार नव्हती, खत त्यांच्याही पायाशी होतंच. त्या मरायच्या उजेडावाचून.

जिथे खत होतं पण कुंपण नव्हतं, तिथे मात्र मेंढ्या येऊन लाटसाहेबांची हजामत करून जायच्या. मग उजेड खालपर्यंत पोचायचा आणि बारकी मंडळी टिकायची. बिनखताच्या चौकोनांत कुंपण असो वा नसो, विशेष फरक नाही. तिथे लाटसाहेबच बिचारे हडकुळे, ते कुणावर सावली पाडणार?

मोजायला एक मीटरची चौकट होती, पाइपची. त्यात कोणती जात किती जागा अडवते ते हाताने मापायचं. आत्याचा तळवा म्हणजे चौकटीचा शंभरावा भाग, एक टक्का. सरांनी पहिल्याच वर्षी पट्टी लावून तपासलं होतं. भिंगरीने पहिल्या दिवशी आपला तळवा आत्याच्या तळव्याला लावून बघितला.

"पाऊण टक्का," आत्या म्हणाली. "वाढ अजून."

कापणी मात्र चौकटीबाहेर, चौकोनाच्या दुसऱ्या अंगाला. दोन वीत रुंद आणि मीटरभर लांब पट्टा जमिनीलगत कापायचा, जाती वेगळ्या करायच्या, वाळवायच्या, तोलायच्या. आणि यातला सगळ्यात कडक नियम: एकदा कापलेल्या जागी पुन्हा कापायचं नाही. कारण कात्रीही चरतेच. प्रत्येक चौकोनाला वीस जागा आखलेल्या होत्या, दर वर्षी पुढची जागा, आणि वहीतल्या नकाशावर त्या जागेवर बरोबरची खूण.

भिंगरी घरी गेली नाही. म्हणजे आत्या घरी गेली, "डोकं दुखतंय" म्हणून, आणि भिंगरी वजनखोलीच्या दारामागे टांगलेली उजेडाची काठी घेऊन तडक माळावर. ही काठी गवतात आडवी सरकवली की तिथे किती उजेड पोचतो त्याचा आकडा दाखवायची. तिच्या डोक्यात नुसता धूर झाला होता. आत्या आणि लबाडी! जी बाई केसाएवढी काडी कोणत्या जातीची म्हणून भिंग लावून पंधरा मिनिटं बसते, ती शिडी चढायच्या कंटाळ्याने शेजारचं गवत उपटेल? बारा नंबरमध्ये सात जाती आहेत म्हणजे आहेत. आपण त्या शोधायच्या आणि परवा मॅडमच्या नाकासमोर नेऊन धरायच्या.

शिडी चढून ती आत उतरली तर लाटसाहेब तिच्या हनुवटीपर्यंत. ती ओणवी झाली आणि रांगत शोधायला लागली. सगळीकडे जुनं पिवळं पाचट, त्यावर ओलसर अंधार, आणि कोळी. खूप कोळी. काठी सरकवली. वर शंभर, खाली आठ. दुसरीकडे सात. तिसरीकडे नऊ. एक फूल नाही.

मग ती दक्षिणेच्या कडेला पोचली, जिथे कुंपणाला लागून एक सपाट दगड आहे, आणि एवढ्या जोरात "सापडलं!" म्हणून ओरडली की पलीकडच्या मेंढ्यांनी चरायचं थांबवून माना वर केल्या.

दगडासमोर पट्टाभर बुटकं, हिरवंगार, भरगच्च. बटण होतं. शिंकरी होती, नाकाने खात्री करून झाली. मांजरशेपटी, पांढरी वेल, दोन बारीक गवतं. आणि लाटसाहेब, पण घोट्याएवढे, सगळ्यांत मिळूनमिसळून. काठी टाकली. एकसष्ट!

"काय गं, साप का?" कुंपणापलीकडून मेंढपाळकाका आले. यांच्याच मेंढ्या माळावर चरत. मोठ्या सरांच्या वेळेपासून केंद्राने त्यांना चरायला मुभा दिली होती, आणि "तुमचा अर्धा अभ्यास माझ्या मेंढ्या करतात, पण पुस्तकावर नाव तुमचं" हा त्यांचा ठरलेला टोमणा होता.

"साप नाही काका, पुरावा! हे बघा, बाराच्या आत फुलं. आता बघते कोण आत्याला खोटं म्हणतंय."

काका जाळीला कपाळ टेकवून बराच वेळ बघत राहिले. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

"इथे कुणीतरी चरलंय," ते म्हणाले.

"आत मेंढी येत नाही. कुंपण आहे."

"तेच म्हणतोय. चरलंय मात्र नक्की, आणि एकदाच नाही. वर्षानुवर्षं चरलं की असं होतं. पण मेंढी चरते ती इथे तोंड घाल, तिथे तोंड घाल अशी." त्यांनी हातातल्या काठीने हवेत एक रेघ ओढली. "सरळ रेषेत चरणारी मेंढी मी अजून बघितली नाही."

भिंगरीने वळून पट्ट्याकडे पाहिलं. मीटरभर लांब. दोन वीत रुंद. कडा अशा की फूटपट्टी लावून घ्यावी. आणि त्याच्या पुढ्यात बसायला सोयीचा दगड, गुडघा न वाकवता पाय लांब करून बसता येईल असा.

तिने उजेडाची काठी हळूच खाली ठेवली.

"गप्प का झालीस?" काका म्हणाले. "यंदा आल्यापासून तुला गप्प बघितलं नव्हतं."

आत्याच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक लहान टेबल होतं आणि त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली कायम घडी घातलेला पुठ्ठा. आत्या कांदा चिरत होती. संध्याकाळचं ऊन अजून ओट्यावर होतं. भिंगरी आली, हात धुतले, बसली, आणि काही बोलली नाही. आत्याने सुरी ठेवली.

"बारामध्ये जाऊन आलीस."

"तुला कसं कळलं?"

"केसांत पाचट आहे. आणि तू गप्प आहेस." आत्या समोर बसली. "बघितलंस?"

"आत्या, नकाशावर तर पुढच्या पुढच्या जागेवर खुणा आहेत."

"आहेत ना. मीच केल्यात."

भिंगरीला वाटलं होतं आत्या रडेल, किंवा चिडेल. आत्याने फक्त चष्मा काढून ओढणीने पुसला.

"ऑपरेशनच्या वर्षी," ती म्हणाली, "अकरा चौकोन कापून बारामध्ये पोचले तर गुडघा म्हणाला बास. शिडी चढले कशीबशी, पण जी जागा कापायची होती तिथे उकिडवं बसता येईना. दगडावर बसले. समोरच मागच्या वर्षी कापलेली जागा होती. म्हटलं, सगळीकडे तेच तर गवत आहे, काय बिघडतंय? कापलं, आणि खूण केली पुढच्या जागेवर. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी गेले, तर तिथे बटण उगवलेलं."

"मग?"

"मग काय! अगं, त्या चौकोनात पहिल्या वर्षी एकोणतीस जाती मोजलेल्या मी. या हाताने. दर वर्षी एक खोडायची, दोन खोडायच्या. तू एखाद्या वर्गाची हजेरी घेतेस आणि रोज एक पोर कमी, असं. आणि नऊ वर्षं न दिसलेलं बटण माझ्या समोर! मी जागा बदलली असती तर एका पावसाळ्यात लाटसाहेबांनी त्याला गिळलं असतं. मला नाही बदलवली. उलट येता-जाता कात्री लावत गेले. मधूनमधून. कुणाला न सांगता."

भिंगरीने कांद्याचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. "मग मॅडमना सांग ना. तू आत जात होतीस. त्या म्हणतात तसं काही नाहीये!"

"आणि खुणांचं काय सांगू? त्यांना वाटतंय म्हातारी दमली, शिडी चढली नाही. वाटू दे. दमलेली म्हटलेलं चालेल मला. अठरा वर्षांनी खोटारडी म्हणवून घेऊन बाहेर पडायचं नाही."

"त्या पिशव्या बाद करतील."

"करू देत."

आता इथे जुनी भिंगरी असती तर मान खाली घालून बसली असती. पण तोंडाला नुकताच पाय फुटलेला, ते कुठलं थांबतंय!

"नाही करू द्यायच्या!" ती उठलीच. टेबल डुगडुगलं. "एक बारा नंबर खोटा आहे, आत्या. चार खरा आहे, आठ खरा आहे, बाकीचे कुंपणवालेही खरे आहेत, आणि तू गुडघा चोळत चोळत कापलेत ते. एका चौकोनाचं लपवायला तू पाच चौकोन खोटे ठरवतेयस. तीस पिशव्या! पाच चौकोन, सहा वर्षं, मी मोजल्या येताना. त्या काय तुझ्या एकटीच्या आहेत? ती जी पोरं हजेरीतून गेली त्यांची शेवटची नोंद आहे ती!"

आत्याने डुगडुगणारं टेबल धरलं.

"बुरशीवर अशीच बोललीस का प्रदर्शनात?"

"याहून जास्त," भिंगरी म्हणाली आणि तिला एकदम रडायला आलं. कांद्याचं निमित्त होतंच, ते तिने वापरलं.

आत्याने उरलेला कांदा चिरला. रात्री ताटं उचलताना ती म्हणाली, "परवा तू बरोबर चल. शिडीला हात द्यायला."

परवाच्या सकाळी मॅडम गमबूट घालून, वही घेऊन आल्या. आत्या शिडी चढली. एकेक पायरी, आधी चांगला पाय, मग दुसरा. वर पोचून ती थांबली, श्वास घेतला, मग उलटी होऊन उतरली. मॅडमनी हे खालून सगळं पाहिलं आणि त्यांनी काही न विचारताच त्यांच्या मनातली एक गोष्ट तिथे खोडली गेली असावी, कारण मागोमाग आत उतरून त्यांनी आत्याचा दंड धरला.

"मॅडम, गवतात पालथं पडावं लागेल," आत्या म्हणाली.

"पालथं?"

"हो. इथे. दगडाकडे तोंड करून."

मॅडम पालथ्या पडल्या. वहीवर कोळी चढला. भिंगरीने काठी त्यांच्या हाताशी दिली. बाहेर आठ. पट्ट्यात साठ. मॅडमनी पुन्हा मोजलं. मग त्या बोटाने पट्ट्याच्या कडेवरून पुढे गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तसंच पडून राहिल्या.

"कितीदा?" त्यांनी खालूनच विचारलं.

"सहा वर्षं. दर वर्षी इथेच. आणि मधेही, तीन-चारदा. खुणा मी खोट्या केल्या. बाकी अकरा चौकोन नियमाने कापलेत, नकाशावर आहे तिथेच. जुन्या कापलेल्या जागा जाऊन बघा, एकाही जागी असा पट्टा सापडणार नाही."

मॅडम उठून बसल्या. त्यांच्या गालावर पाचटाचा वळ उठला होता. भिंगरीला वाटलं त्या आता हसतील, म्हणतील, वा ताई, तुम्ही तर शोध लावलात! गोष्टींत असंच होतं. मॅडम हसल्या नाहीत.

"ताई, अठरा वर्षांत एकदा कुणाला तरी विचारायचं होतंत. गुडघा वाकत नाही म्हणायचं होतंत. मी मदतीला माणूस दिला असता. सहा वर्षं मी… मी येण्याआधीची चार, माझी दोन, आम्ही सगळे हा आकडा बघून डोकं फोडत होतो. मागच्या वर्षी तर मी लिहून मोकळी झाले की खत दिलेला चौकोन आपोआप सावरतोय."

"हो," आत्या म्हणाली.

"सावरत नव्हता. कुणीतरी चरत होतं."

"हो."

पलीकडे मेंढ्यांचं चालूच होतं, पाती तुटल्याचा बारीक आवाज येत होता. भिंगरीला हजार गोष्टी बोलायच्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने गप्प बसायचं स्वतः ठरवलं.

मॅडमनी वही उघडून आत्यापुढे धरली. "तुमच्या हाताने लिहा."

आत्या दगडावर बसली, पाय लांब केला, आणि लिहिलं. बारा नंबर, सहा वर्षांची कापणी ग्राह्य नाही, एकाच जागी पुन्हा पुन्हा कापले, खुणा चुकीच्या, कापणाऱ्याचा दोष. मग नकाशावरच्या सहा खोट्या खुणांवर एकेक आडवी रेघ मारली. सहावीला पेन चालेना, तेव्हा झटकून परत मारली.

"कापणी यापुढे दुसरं कुणी करेल," मॅडम म्हणाल्या. "मोजणी तुमचीच. चौकटीत तुम्ही दोन लिहिल्यात, दोनच आहेत. मी काल येऊन बघितलं."

आत्याने मान हलवली. मग पट्ट्याकडे बघून, अगदी हळू, "आणि याचं काय?"

हा प्रश्न विचारायला तिला खुणा खोडण्याहून जास्त बळ लागलं, हे भिंगरीला दिसलं. मॅडमनाही दिसलं असावं. त्या पट्ट्याच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या.

"नियमाने आजच थांबवायला हवं," त्या म्हणाल्या. "पण आता हा पट्टा तयारच आहे, तर त्याला काहीतरी विचारून घेऊ. अर्धा कापत राहू. अर्धा सोडून देऊ. किती दिवसांत कोण जातं ते तुम्ही मोजा."

"कुठला अर्धा सोडायचा?"

"तुम्ही निवडायचा नाही. मीही नाही."

बटण सगळं डाव्या अर्ध्यात होतं. तिघींनाही ते माहीत होतं. मॅडमनी एक खुंटी भिंगरीच्या हातात दिली आणि तिला पाठमोरी उभी करून खांद्यावरून फेकायला सांगितली. खुंटी ज्या अर्ध्यात पडेल तो सोडायचा. भिंगरीने डोळे मिटले. इतका वेळ हातात धरून ठेवली की मॅडम म्हणाल्या, "अगं, टाक." तिने टाकली.

वळून बघितलं तर खुंटी डावीकडे, बटणांच्या मधोमध.

"पुन्हा टाकू?" भिंगरीने विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"नाही," आत्या म्हणाली. मॅडमच्या आधी.

पुढच्या सुट्टीत भिंगरी आली तेव्हा दोन बोटं उंच झाली होती. केंद्रात कापणीला नवा माणूस होता. तो शिट्टी वाजवत वाजवत बाराच्या बाराही चौकोन एका दिवसात उरकायचा, आणि आत्याला त्याचा राग यायचा तो फक्त शिट्टी बेसूर होती म्हणून, असं ती म्हणायची.

शिडीला हात देऊन भिंगरीने आत्याला बारामध्ये उतरवलं. पट्ट्याचा उजवा अर्धा बुटका, फुललेला. डावीकडे लाटसाहेब परत आले होते, खांद्याएवढे, मागचं सगळं विसरल्यासारखे. आत्या दगडावर बसली. वही मांडीवर घेतली.

"मला वाकता येत नाही. तू सांग."

भिंगरी पालथी पडली आणि पाचटात हात घातला. काठी सरकवली. सतरा. शिंकरी नव्हती. मांजरशेपटीचं एक वाळकं पान. वेल उजवीकडे पळून गेली होती. ती कोपरांवर पुढे सरकली, पात्यांच्या बुडाशी, जिथे हिरवं संपून नुसतं फिकट होतं.

"आत्या."

"काय?"

"एक आहे. पण विचित्र दिसतंय. मान ही एवढी लांब केलीय त्याने, पांढरी पडलीय. वर कुठेतरी जायला बघतंय."

"फूल आहे?"

"कळी आहे. बारकी."

दगडावर आत्याची चप्पल घासल्याचा आवाज आला. तिच्या ओढणीच्या गाठीत कात्री होती. सवयीने रोज घ्यायची, धागा कापायला बरी म्हणून. भिंगरीला ते माहीत होतं. ती पडल्या पडल्या वाट बघत राहिली. तिने आपला तळवा त्या एकट्या बटणाशेजारी जमिनीवर ठेवला. आता तो बरोबर एक टक्का होता. काल रात्रीच दोघींनी तळवे जुळवून बघितले होते. बटणाने त्यातली नखाएवढीही जागा घेतली नव्हती.

"एक टक्क्याहून कमी," ती म्हणाली. "बरंच कमी."

वर पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"एक टक्क्याहून कमी," आत्या लिहिता लिहिता म्हणाली. "पुढचं सांग."